वाण घरोघरी, शोधणारा कुणाला ठाऊक?

पेठ : आगोट जवळ आली, की पेठच्या दुकानांतून बियाण्याच्या पिशव्यांची चाळवाचाळव सुरू होते. शेतकरी पिशवी उलटीपालटी करून पाहतो. वाणाचे नाव, वजन, उगवणशक्तीचा टक्का, वापराची मुदत, सगळे त्यावर छापलेले असते. ज्या माणसाने दहा-बारा वर्षे खपून तो वाण काढला, त्याचे नाव मात्र नसते. 'हा वाण शोधला कुणी?' असे शेजारी उभ्या असलेल्याला विचारून पाहा. 'असंल कुणी राहुरीचा सायेब' एवढ्यावर गाडी थांबते.

इकडे ही गत, आणि तिकडे दरवर्षी पावसाळा सरता सरता वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक विद्यापीठाचे इतके प्राध्यापक जगातील पहिल्या दोन टक्के संशोधकांत! फोटो येतो, हारतुरे होतात. वाचणाऱ्या सरपंचांना, ग्रामसेवकांना वाटते, काही तरी मोठे बक्षीस लागले असेल. ही भानगड नेमकी काय आहे, ते एकदा नीट समजून घ्यायला हवे. कारण मान कुणाला द्यायचा आणि कशावरून द्यायचा, या प्रश्नाचे एक टोक थेट आपल्या नागलीच्या खाचरापर्यंत येऊन पोचते.

मुळात हा पुरस्कार नव्हे. ती यादी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात. पदार्थविज्ञानापासून शेतीपर्यंत विद्येच्या 22 मोठ्या शाखा आणि 174 पोटशाखा त्यांनी पाडल्या आहेत, आणि प्रत्येकीतले आघाडीचे लोक वेगळे काढले जातात. गणिताच्या माणसाची तुलना डॉक्टरशी होत नाही, एवढे त्यांनी पाहिले आहे. एक यादी आयुष्यभराच्या कामाची, दुसरी एका वर्षाची.

मोजतात काय? संशोधकाने लिहिलेल्या लेखाचा हवाला दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखात किती वेळा दिला, ते. 2005 साली जॉर्ज हर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने एक सोपे माप सुचवले. समजा, एखाद्याच्या वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस वेळा हवाला मिळाला, तर त्याचा अंक वीस. नुसते शंभर लेख लिहून कुणी विचारले नाही, तर अंक वाढत नाही. एकच लेख गाजला, तरीही वाढत नाही. माप तसे हुशारीचे आहे. कुणी आपलाच हवाला आपणच देत बसला, तर तेही यादीत वेगळे काढून दाखवतात. गावातही स्वतःची तारीफ स्वतः करणारे असतातच की!

पण या मापात एक खोट आहे. ते कागदावरचा कागद मोजते. शेतात उभे राहिलेले पीक त्याला दिसत नाही.

आपल्या तालुक्यातले शेकडो लोक दिवाळीनंतर कामाला खाली निफाड-दिंडोरीकडे उतरतात. निफाडजवळ कुंदेवाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. द्राक्षाच्या बागेत जाताना अनेकांनी ते बाहेरून पाहिलेही असेल. या केंद्राने काढलेल्या गव्हाच्या वाणांची नावे ऐका : त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. आपल्याच जिल्ह्याची ठिकाणे! कागदोपत्री त्र्यंबकला एनआयएडब्ल्यू 301 म्हणतात आणि त्यातली पहिली दोन अक्षरे निफाडची. म्हणजे वाणाला तीर्थाचे नाव मिळाले, केंद्राच्या गावाचे नाव मिळाले, विद्यापीठाचे मिळाले. माणसाचे राहून गेले.

एक वाण काढायचा म्हणजे काय, याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही. दोन जातींचा संकर करायचा. पुढच्या पिढीत हजारो झाडे, प्रत्येक वेगळे. त्यातून तांबेऱ्याला न बळी पडणारी, दाणा चांगला असणारी निवडायची. पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. असे सहा-सात हंगाम गेल्यावर कुठे वाण स्थिर होतो. मग निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या शेतावर, मग समिती. सुरुवात करणारा शास्त्रज्ञ शेवटापर्यंत त्याच खुर्चीत असेल, याची खात्री नाही. बदली होते, निवृत्ती येते. काम दुसऱ्याच्या हाती, तिसऱ्याच्या हाती जाते. त्यामुळे 'एकाचेच नाव कसे लावणार?' असे विद्यापीठ म्हणते, त्यात तथ्य आहे. पण मग चौघांची लावा, असे आमचे म्हणणे.

आता नागलीकडे येऊ. पेठच्या उतारावरची वरकस जमीन, राब भाजून टाकलेले रोप आणि मुसळधार पाऊस. नागलीसारखे पीक इथे टिकते, म्हणून तर भाकरी आहे. तिच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे आता शहरातले डॉक्टर सांगू लागले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. पण या पिकावर आयुष्य घालणाऱ्या माणसांची नावे कुणी सांगितली?

एक नाव कर्नाटकातले आहे. म्हैसूरकडे नागलीला रागी म्हणतात. मंड्याजवळच्या विश्वेश्वरय्या कालवा संशोधन केंद्रावर लक्ष्मणय्या नावाचे शास्त्रज्ञ होते (जन्म 1921, निधन 1993). नागलीचे फूल इतके बारीक, की गव्हासारखा चिमटा लावून संकर करणे महाकठीण. त्यात ते उमलते पहाटेच्या अंधारात आणि आपले परागण आपणच उरकून घेते. म्हणून या पिकात दोन जातींची कणसे एकत्र बांधून ठेवतात, पराग एकावरून दुसऱ्यावर पडण्याची वाट पाहतात आणि पुढे शेकडो रोपांतून खरे संकरित रोप हुडकतात. लक्ष्मणय्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. आधी देशी जातींचा देशी जातींशी संकर केला. पुढे नागलीचे मूळ माहेर असलेल्या आफ्रिकेतून, जाड काडीच्या, मोठ्या कणसाच्या जाती मिळाल्या. त्यांचा आपल्या नागलीशी संकर करून त्यांनी वाणांची जी मालिका काढली, तिचे नाव 'इंडाफ'. इंडिया आणि आफ्रिका या दोन नावांचा जोड. 1970 नंतर हे वाण कर्नाटकभर पसरले आणि उत्पादन कुठल्या कुठे गेले.

या माणसाला शेतकऱ्यांनी काय दिले? नाव दिले. 'रागी लक्ष्मणय्या' म्हणूनच ते ओळखले गेले. पिकाचे नाव आडनावासारखे चिकटले, याहून मोठी पदवी कुठले विद्यापीठ देणार?

आपल्या राज्यात नागली-वरईचे काम राहुरी विद्यापीठाच्या कोल्हापूरच्या केंद्रावर चालते. 'फुले नाचणी' हा वाण तिथला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेही नाचणीचे वाण दिले. ते काढणाऱ्यांची नावे पेठमध्ये दहा माणसांना तरी सांगता येतील काय? आणि या केंद्रांतल्या शास्त्रज्ञांना तरी पेठच्या उतारावरच्या हळव्या, गरव्या नागल्यांची नावे ठाऊक असतील काय? ओळख नसेल, तर ती दोन्ही बाजूंनी नसते.

शेतीबाहेरच्या विषयांतही हीच तऱ्हा. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म 1901 साली आपल्या नाशिकचाच. पुण्याच्या गोखले संस्थेचे ते पहिले संचालक, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. पण ते नुसते खोलीत बसले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950 साली त्याची चाके फिरली. कारखान्याचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. आता त्या कारखान्याच्या धुराड्याचा हवाला कुठल्या यादीत धरणार?

त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ परिसरशास्त्राकडे वळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले आणि 2024 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. त्यांच्या पश्चिम घाटाच्या अहवालावर पुष्कळ वाद झाले, ते इथे नकोत. पण त्यांनी आग्रह धरलेली एक गोष्ट तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात असायला हवी. ती म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. तिच्याकडे पुन्हा येतोच.

केंद्र सरकारने 2024 पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले. जुने भटनागर पुरस्कार त्यातच सामावले. 13 क्षेत्रे धरली आहेत, त्यात कृषिविज्ञान आहे, अवकाश आहे, वैद्यक आहे. विशेष म्हणजे एकट्या माणसाबरोबर संपूर्ण चमूलाही पुरस्कार आहे. पहिल्या वर्षी तो चांद्रयान-3 च्या चमूला मिळाला. वर चौघांची नावे लावा म्हटले, ते याच न्यायाने. 2025 चा सर्वोच्च 'विज्ञान रत्न' कोल्हापूरला जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला. आकाशाचा हिशेब मराठीत सांगणारा हा माणूस त्याच वर्षी मे महिन्यात गेला. सन्मान थोडा आधी आला असता, तर बरे झाले असते.

पण ज्याच्याकडे पदवीच नाही, त्याने काय करायचे? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट प्रत्येक ग्रामसेवकाने वाचावी अशी आहे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली 'पटेल 3' जातीच्या भातात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे जोपासल्या. त्यातून निघाला बारीक तांदळाचा वाण. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची फार चलती होती, म्हणून वाणाला नाव पडले एचएमटी! गंमत पाहा, पटेल 3 हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. पटेल यांनी काढलेला. म्हणजे शास्त्रज्ञाचे नाव वाणावर राहिल्याचे ते एक दुर्मिळ उदाहरण. आणि त्याच्याच पोटी निघालेल्या वाणाला नाव मिळाले घड्याळाचे.

विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले आणि 1998 साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाचा वाण प्रसारित झाला. बियाणे आम्ही शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. मूळ निवड माझी, असे दादाजींचे. पुढे 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. वाण पाच राज्यांत पोचला असेल, घरची गरिबी मात्र हटली नाही. 2018 च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. डोंगरापलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, ती यानंतरची गोष्ट.

दादाजींच्या वेळी एक अडचण होती. सुरुवातीचे कुठेच कागदावर नव्हते. आता तशी सबब नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या किंवा गावाच्या नावावर नोंदवता येतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. वाण जपणाऱ्या गावसमूहाला याच कायद्याखाली दहा लाख रुपयांचा पुरस्कार आहे. अर्ज इंग्रजी-हिंदीत पाहून घाबरू नये. नाशिकला मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारावे.

आणि ती नोंदवही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही सक्तीची आहे. हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, तेव्हा राज्यभर ती भरण्याची एकच धांदल उडाली. मुदतीच्या धाकाने भरलेले दप्तर कसे असते, ते ग्रामसेवक भाऊसाहेबांना आम्ही सांगायला नको! नागलीच्या रकान्यात नुसते 'नागली' लिहून मोकळे झाले असतील, तर ते पान पुन्हा लिहावे लागेल. कोणती हळवी, कोणती गरवी, कणीस मुठीसारखे की पसरट, करपा कोणीवर येत नाही, आणि बियाणे कोणत्या आजीच्या कणगीत आहे, तिचे पूर्ण नाव, हे सगळे त्यात यायला हवे. दसऱ्याच्या आसपास कणसे भरतात, तेव्हा शेतात उभे राहून लिहिले तर चुकत नाही. त्याच वेळी कोल्हापूरच्या किंवा इगतपुरीच्या केंद्रातल्या एखाद्या शास्त्रज्ञाला पत्र घालून बोलावून घ्यावे. आला, तर त्याचे नावही त्याच पानावर लिहावे.