तबकडीवरील उच्चार आणि बिनतारी स्पीकर

ध्वनिमुद्रिकेवरील उच्चार हा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पुरावा असतो. आरंभीच्या अनेक मुद्रिकांच्या अखेरीस गायक स्वतःचे नाव उच्चारीत. त्या काळच्या बोलण्याचा तेवढाच अंश कित्येकदा हाती लागतो. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने अशा तबकड्यांच्या जतनाकडे लक्ष वेधले. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथील सदनिकेत आज एकच तबकडी सर्व खोल्यांतील बिनतारी स्पीकरांवर ऐकता येते. तथापि सुई आणि कान यांच्या दरम्यान ध्वनीवर कोणते संस्कार घडतात, हे जाणल्यावाचून त्या पुराव्यावर विसंबणे धोक्याचे होय.

पहिला प्रश्न सुईचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. दीर्घवादी तबकडीची सुमारे १८ मायक्रॉनची सुई त्या खाचेच्या तळाशी घसटते आणि खरखर वाढते. दुसरा प्रश्न वेगाचा. ८० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने फिरविल्यास सर्व कंपनसंख्या अडीच टक्क्यांनी उतरतात. गायकाची पट्टी तर बदलतेच, शिवाय स्वरवर्णांची मोजमापेही चुकतात.

कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. फोनो प्रीॲम्प्लिफायर तो सुमारे शंभरपट वाढवितो आणि त्याचबरोबर १९५४ साली अमेरिकेत रूढ झालेल्या प्रमाणवक्राप्रमाणे मंद्र ध्वनी उचलून तार ध्वनी दाबतो. टर्नटेबलात प्रीॲम्प्लिफायर अंगभूत असेल, तर बाहेरचा दुसरा जोडू नये. संकेत दोनदा वाढून आवाज फाटतो. भाषाभ्यासकाला मात्र खरी अडचण येते ती वक्राची. त्यापूर्वीच्या तबकड्या वेगवेगळ्या वक्रांनी मुद्रित झालेल्या आहेत. नवा वक्र ५,००० हर्ट्झला सुमारे ८ डेसिबल घट करतो. ज्या मुद्रिकेत तार ध्वनी मुळात उचललेलेच नव्हते, तिच्यातील घर्षध्वनी त्यामुळे मंदावतात. ‘चाक’मधील दंतमूलीय च आणि ‘चार’मधील तालव्य च यांचा भेद मुख्यतः याच पट्ट्यात असल्याने, श्रोत्याला तो पुसट झाल्याचा भास होऊ शकतो.

यानंतर संकेताचे अंकांत रूपांतर होते आणि घरातील वाय-फायवरून तो प्रत्येक स्पीकरकडे जातो. सर्व स्पीकर एकाच वेळी वाजावेत म्हणून संकेत क्षणभर साठवून, एका समान घड्याळानुसार सोडला जातो. सुई टेकल्यावर आवाज किंचित उशिरा येतो तो याचमुळे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती अधिक सहज ओलांडतो. पण दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांची तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असला तरी काँक्रीटच्या भिंतीपुढे लवकर क्षीण होतो. ब्लूटूथमध्ये सामान्यतः ध्वनीतील काही अंश गाळून संकेत संक्षिप्त केला जातो. वाय-फायवर तो अखंड पाठविणे शक्य असते.

सारांश, आस्वादासाठी ही जोडणी पुरेशी आहे. संशोधनासाठी मात्र वक्र लावण्यापूर्वीचा संकेत स्वतंत्र मुद्रित करावा आणि सुई, वेग व वक्र यांची नोंद तबकडीच्या क्रमांकासह ठेवावी. नंतर लावलेला वक्र बदलता येतो. नोंदीविना मिसळलेला वक्र मात्र मूळ उच्चारापासून वेगळा काढणे दुष्कर होते.