आसवारिष्टे आणि मुस्लिम रुग्ण : इस्लाममधील पेयविचार

काही वर्षांपूर्वी कोकणातील माझ्या चिकित्सालयात घडलेला प्रसंग. एका मुस्लिम भगिनीस प्रसूतीनंतर मी दशमूलारिष्ट दिले होते. पंधरा दिवसांनी त्या आल्या, बाटली टेबलावर ठेवली आणि लेबलवरील बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, “डॉक्टर, यात अल्कोहोल आहे, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मात्रा योग्य होती, निदानही योग्य होते. परंतु रुग्णाची अनुमती मी गृहीत धरली होती. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्या प्रश्नात आहे.

निषेधाचा क्रम

कुराणात पेयांचा विचार केवळ निषेधाच्या अंगाने आलेला नाही. ‘अन-नहल’ म्हणजे मधमाशी या नावाच्या अध्यायात दूध हे शुद्ध व सुखकर पेय म्हटले असून मधात लोकांसाठी आरोग्य असल्याचे सांगितले आहे. मद्यनिषेध मात्र टप्प्याटप्प्याने आला. ‘अल-बकरा’ अध्यायात मद्यात काही लाभ असले तरी दोष अधिक असल्याचे सांगितले, ‘अन-निसा’मध्ये नशेच्या अवस्थेत नमाजाजवळ जाऊ नये असे म्हटले, आणि अखेर ‘अल-माइदा’मध्ये मद्य पूर्णतः वर्ज्य ठरविले. व्यसन क्रमाक्रमाने सोडवावे हे तत्त्व आपणांसही अपरिचित नाही. अपथ्याचा त्याग पादांशिक क्रमाने करावा, असे चरकाचार्यही सांगतात.

काल आणि पात्र

वैद्यांना विशेष रुचेल असा भाग पुढचाच आहे. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेल्या पेयास अरबीत ‘नबीज’ म्हणतात. पैगंबर स्वतः ते पीत असत. परंतु तिसऱ्या दिवसानंतर उरलेले पेय ते घेत नसत, असे हदीसग्रंथांत नमूद आहे. वाळलेला भोपळा, खजुरीचे कोरलेले खोड, डांबर लावलेले भांडे, रोगण दिलेली मातीची बरणी अशा पात्रांत नबीज करण्यास आरंभी मनाई होती. पुढे ती शिथिल झाली, मात्र मादक पेयाची बंदी कायम राहिली. अशा पात्रांत किण्व लवकर चढते आणि ते बाहेरून कळत नाही. संधानकाल व संधानपात्र यांचा सूक्ष्म विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रास ही दृष्टी परकी वाटू नये. फरक इतकाच की, आपण संधान सिद्ध होण्याची वाट पाहतो आणि तेथे ते होण्यापूर्वी थांबतात.

कोकणात याचे उदाहरण माडाखालीच मिळते. पहाटे उतरविलेली ताजी, न आंबलेली नीरा मादक नसल्याने चालते. तोच रस आंबून माडी झाला की वर्ज्य होतो. पुढे आंबट होऊन सिरका झाला की तो पुन्हा ग्राह्य ठरतो. मद्य आपोआप सिरक्यात परिणत झाल्यास ते शुद्ध, याविषयी सर्व संप्रदायांचे एकमत आहे. मुद्दाम काही मिसळून तसे केल्यास हनफी संप्रदाय मान्यता देतो, शाफई देत नाही. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई. म्हणून हा भेद आपणांस ठाऊक असावा.

आसवारिष्टांचे स्थान

जे पेय अधिक मात्रेत नशा आणते, त्याची अल्प मात्राही निषिद्ध, असा हदीसचा नियम आहे. अरिष्टाची 20 मिली मात्रा नशा आणत नाही, हे आपले नेहमीचे समर्थन येथे अपुरे पडते. 8 टक्के स्वयंजनित अल्कोहोल असलेल्या 450 मिलीच्या बाटलीत 36 मिली अल्कोहोल असते. सुमारे 90 मिली व्हिस्कीत असते तेवढेच. वरून घातलेले नाही, आपोआप निर्माण झाले आहे, हा युक्तिवादही टिकत नाही. कारण द्राक्षाचे मद्यही आपोआपच निर्माण होते.

इमाम अबू हनीफा (निधन इ.स. 767) यांनी ‘खम्र’ ही संज्ञा मुख्यतः द्राक्षरसाच्या मद्यापुरती मानली. द्राक्ष व खजूर यांव्यतिरिक्त अन्य द्रव्यांपासून झालेल्या अल्कोहोलाविषयी, औषधापुरती, काही हनफी विद्वान आजही सवलत देतात. या दृष्टीने पाहता आपण निःशंकपणे देतो ती द्राक्षारिष्ट, द्राक्षासव व खर्जुरासव ही औषधेच सर्वाधिक अडचणीची ठरतात. शाफई मतात तर हा द्रव्यभेदच नाही.

प्राणसंकटात निषिद्ध वस्तूसही अपवाद आहे. अन्य औषध उपलब्ध नाही असे जाणकार चिकित्सकाने सांगितल्यास वर्ज्य द्रव्य घेण्याची मुभा अनेक धर्मशास्त्रज्ञ देतात. म्हणजे निर्णयाचा आधार आपला शब्द आहे. पर्याय असताना ‘दुसरे औषध नाही’ असे सांगणे हा त्या विश्वासाचा भंग होय.

पर्यायी कल्प

आणि पर्याय विपुल आहेत. दशमूलारिष्टाऐवजी दशमूळ भरडीचा ताजा क्वाथ, अशोकारिष्ट व अर्जुनारिष्ट यांच्या स्थानी त्या त्या त्वचेचा क्षीरपाक, कुटजारिष्टाऐवजी कुटजावलेह किंवा कुटजघनवटी, वासासवाऐवजी वासावलेह, अश्वगंधारिष्टाऐवजी दुधातून अश्वगंधाचूर्ण, अमृतारिष्टाऐवजी संशमनी वटी, पुनर्नवासवाऐवजी पुनर्नवाष्टक क्वाथ. आसवारिष्टांचे आशुकारित्व व टिकाऊपणा यांत येणार नाही, हे मान्य. परंतु रुग्ण जे औषध घेतच नाही, त्याचे आशुकारित्व काय कामाचे?

औषधविक्रेत्यांस एक विनंती. ‘काढा’ या नावाने मिळणाऱ्या प्रवाही क्वाथांपैकी काहींतही संधानामुळे अल्कोहोल असते. नावावर विसंबू नये, लेबल वाचून सांगावे. गुलाब, बडीशेप यांचे ऊर्ध्वपातनाने काढलेले अर्क मात्र मद्यरहित असतात; ‘अर्क’ या शब्दाने दचकणाऱ्या ग्राहकास तसे समजावून द्यावे. गोमूत्रयुक्त कल्पांविषयीही, उदाहरणार्थ पुनर्नवामंडूर, आधी विचारणे उचित. हनफी व शाफई या दोन्ही संप्रदायांत मूत्र सामान्यतः अशुद्ध मानले जाते.

अमुक औषध चालते की नाही, हा निर्णय वैद्याने देऊ नये. तो रुग्णाचा व त्याच्या धर्मशास्त्रज्ञांचा अधिकार. आपले काम दोनच गोष्टींचे : औषधात काय आहे ते न विचारता सांगणे आणि दुसरा कल्प तयार ठेवणे. औषध हाती देण्यापूर्वीच्या या एका वाक्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

त्या भगिनींना मी दशमूळ भरड दिली व क्वाथ करण्याची रीत सांगितली. पुढे त्या सुनेलाही घेऊन आल्या. या वेळी त्यांनी विचारण्यापूर्वीच मी लेबल वाचून दाखविले.