छत्री पाहून पडदा घ्यावा

पावसाळा सरून नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली, शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडली आणि कापसाच्या पहिल्या वेचणीची रोकड हाती आली, म्हणजे या जिल्ह्यातल्या पुष्कळ कुटुंबांत आखाजीपासून लांबणीवर पडलेला एक प्रश्न पुन्हा निघतो. दूरचित्रवाणीचा नवा संच घ्यायचा तो बारा-पंधरा हजारांचा, की थोडी ओढाताण सोसून पन्नास-साठ हजारांचा? घरातली वडीलधारी मंडळी स्वस्ताच्या बाजूची असतात, सुरतेला नोकरीस असलेला मुलगा महागाचा कैवार घेतो, आणि दुकानदार दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन अखेर एकच पृच्छा करतो: भिंत केवढी आहे?

आमच्या मते विचाराचा आरंभ भिंतीपासून करणे हीच मूळ चूक होय. आरंभ छतापासून करावा. चित्र घरात कोणत्या वाटेने येते हे एकदा निश्चित झाले, की पडदा किती मोठा व किती मोलाचा असावा याचा निवाडा पुष्कळसा आपोआप होतो. नंदुरबार, नवापूर, तळोदे यांच्या वस्त्यांत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ही वाट बहुधा प्रसारभारतीच्या फ्री डिशची असते. डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री व सेट-टॉप बॉक्स यांची रक्कम एकदा भरली की झाले. पूर्व रेखांश 93.5 अंशांवर विषुववृत्ताच्या माथ्यावर स्थिर असलेल्या जीसॅट-15 या उपग्रहाकडे रोखलेल्या या छत्र्या आपल्या जिल्ह्यातून जवळजवळ नेमक्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात.

या छत्रीतून उतरणाऱ्या बहुसंख्य वाहिन्यांचे चित्र साध्या प्रतीचे असते. त्याची घडण फार तर 720 गुणिले 576 बिंदूंची. ज्यास ‘फोर-के’ म्हणून गौरविले जाते त्या पडद्यावर 3840 गुणिले 2160 बिंदू असतात. हिशेब केल्यास हे प्रमाण बरोबर एकास वीस पडते, म्हणजे उपग्रहाने धाडलेल्या एका बिंदूमागे संचाला वीस बिंदू रंगवावे लागतात, आणि त्यांपैकी एकोणीस तो अनुमानाने भरतो. महाग संचातला प्रक्रियक हे अनुमान अधिक शहाणपणाने करतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु जो तपशील मुळात आलाच नाही तो कोणत्याही किमतीचा संच नव्याने निर्माण करू शकत नाही.

आता नेत्रेंद्रियाची मर्यादा पाहू. निरोगी डोळ्यास साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका सूक्ष्म भेद कळतो. या मापाने पाहता साध्या प्रतीचे चित्र 32 इंची पडद्यावर असले तर सुमारे आठ फुटांवरून त्याचे बिंदू एकमेकांत मिसळून जातात व चित्र सुबक दिसते. तेच चित्र 43 इंचीवर साडेदहा फुटांवरून आणि 55 इंचीवर तेरा-साडेतेरा फुटांवरून पाहावे लागते. आपल्या बाजूच्या घरांत पुढची खोली बहुधा दहा-बारा फुटांची, आणि खाट वा सतरंजी पडद्यापासून आठ फुटांवर. अशा खोलीत फ्री डिशवर चालणारा 55 इंची संच लावणे म्हणजे चित्रातला प्रत्येक दोष भिंग लावून पाहण्यासारखे आहे. उलट, आठ फुटांवरून फुल एचडी व फोर-के यांत 43 इंची पडद्यावर डोळ्याला काहीच फरक पडत नाही. फोर-के चे अधिक बिंदू वेगळे दिसावेत अशी इच्छा असेल तर तीन फुटांच्या आत सरकून बसले पाहिजे.

मग महाग संचाचे अधिक पैसे कशाचे? बिंदूंचे नव्हेत, काळोखाचे. बाजारातले बहुतेक संच स्वतः प्रकाश देत नाहीत. काचेमागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या जळत असतात आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर तो प्रकाश कमी-अधिक अडवितो. स्वस्त संचात हे सारे दिवे एकत्र उजळतात व एकत्र मंदावतात, त्यामुळे रात्रीच्या दृश्यातले काळे आकाश राखाडी दिसते. वरच्या दर्जाच्या संचात दिव्यांचे अनेक विभाग केलेले असतात आणि चित्राचा जो भाग काळा असेल तेथले दिवे तेवढे मंद होतात. मिनी-एलईडी प्रकारात असे विभाग शेकड्यांनी असतात. ओएलईडीची तऱ्हा निराळीच. तेथे प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी, सबब काळा म्हणजे खरोखर विझलेला. याखेरीज चित्र सेकंदाला 120 वेळा बदलू शकणाऱ्या पडद्यावर 24 चौकटींचा चित्रपट समान विभागला जातो. साठ वेळा बदलणाऱ्यावर तो तसा बसत नाही, आणि कॅमेरा आडवा फिरताना दृश्य किंचित अडखळते. हे सर्व गुण खरे आहेत व त्यांचे मोलही वाजवी आहे. परंतु दार सताड उघडे, अंगणातले ऊन थेट भिंतीवर, आणि पडद्यावर दुपारची बातमीपत्रे, अशा स्थितीत त्या निबिड काळोखाचे सुख कोणाला मिळणार? त्यातही ओएलईडीवर वृत्तवाहिनीची खालची धावती पट्टी व कोपऱ्यातले बोधचिन्ह दिवसचे दिवस एकाच जागी राहिले, तर त्यांचा ठसा कायमचा उमटण्याचे भय असते.

आमचा खरा राग मात्र महाग संचावर नाही, स्वस्तावर तर नाहीच. तो आहे मधल्या सोंगावर. तीस-पस्तीस हजारांत 55 इंची पडदा, वर ‘एचडीआर’चे लेबल, आणि आत दिव्यांचे विभाग नाहीत व तेजही बेताचेच! एचडीआर या सोयीचा अर्थ असा, की चित्रातल्या उजळ जागा अतिशय उजळ व काळ्या जागा काळ्या दिसाव्यात. ज्या संचाची ती शक्तीच नाही, तो तो संकेत वाचतो व दाखविताना पार निस्तेज करून टाकतो. हा संच गरिबाला मोठेपणाचा आभास देतो आणि हौशी माणसाला हवा तो गुण देत नाही.

दुकानात परीक्षा कशी करावी, याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण फसगत तेथेच होते. मांडून ठेवलेले सारे संच ‘व्हिविड’ अथवा दुकानी अवस्थेत भडक करून ठेवलेले असतात, आणि त्यांवर कंपनीनेच पुरविलेली फुले, पोपट व समुद्रतळ यांची चित्रफीत चालू असते. तीत वाईट दिसेल असे काही मुळात घातलेलेच नसते. ग्राहकाने निःसंकोचपणे रिमोट मागून घ्यावा व चित्र ‘सिनेमा’ वा ‘मूव्ही’ या अवस्थेवर आणावे. मग खिशातल्या पेनड्राइव्हमधला स्वतःच्या परिचयाचा प्रसंग लावावा: रात्रीचे दृश्य, हळदीच्या पिवळ्या उजेडातले चेहरे, क्रिकेटचे हिरवे मैदान. त्यानंतर बाजूला सरकून, घरी जेथे आजी बसते त्या कोनातून पाहावे, कारण स्वस्त पडद्यांपैकी काहींचा रंग कडेने पाहताच विटतो. शेवटी सह्याद्री वाहिनी लावण्याचा आग्रह धरावा. ती लावताना दुकानदाराचा चेहरा थोडा उतरतो. पण तुमच्या घरी जे दिसणार आहे ते हेच.

आवाजाविषयी एकच गोष्ट. संच जितका पातळ, तितके ध्वनिक्षेपक क्षीण, आणि त्यांची तोंडे खाली वा मागे. मोठ्या संचावर खर्च करण्याऐवजी लहान संचाला दोन-चार हजारांचा वेगळा साउंडबार जोडला, तर मालिकेतले संवाद म्हाताऱ्या माणसांना अधिक स्पष्ट ऐकू येतात.

विजेचा प्रश्न या जिल्ह्यात गौण मानून चालणार नाही. अक्राणी तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी 2003 साली श्रमदानाने धबधब्यावर छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला आणि पुढे तो सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला. ज्या मुलखात वीज अशी यावी व जावी, तेथे संचाच्या पाठीवरची पट्टी वाचणे अगत्याचे आहे. तिच्यावर 100 ते 240 व्होल्ट असा पल्ला छापला असेल, तर रब्बीचे पंप सुरू झाल्यावर घसरणाऱ्या दाबाने संचाला सहसा इजा होत नाही. इजा होते ती गेलेली वीज एकदम परत येताना उसळणाऱ्या दाबाने आणि आकाशातल्या विजेने. म्हणून स्टॅबिलायझरपेक्षा चांगले अर्थिंग, सर्ज संरक्षक, आणि गडगडाट सुरू होताच प्लग व छत्रीची तार दोन्ही काढण्याची सवय अधिक उपयोगी. खर्चाचे म्हणाल तर 50 वॉटचा लहान संच रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट, आणि 120 वॉटचा मोठा अठरा युनिट जाळतो. फरक साडेदहा युनिटांचाच, पण ज्याचे महावितरणचे देयक शंभर युनिटांच्या काठावर असते त्याला पुढच्या चढ्या दराच्या टप्प्यात ढकलावयास तेवढे पुरे.

बिघाडाची तऱ्हाही जाणून घ्यावी. आवाज येतो पण पडदा काळा, अशी तक्रार घेऊन संच आला की कारागीर प्रथम विजेरी तिरपी धरून काचेवर प्रकाश टाकतो. आत चित्र पुसट हलताना दिसले, तर पडदा शाबूत असून मागचे दिवे गेले असे ठरते. हे दिवे एका माळेत जोडलेले असल्याने एक विझला की सारी माळ विझते. पट्टी बदलली की काम भागते आणि खर्चही आटोपशीर येतो. दिव्याचे तेज पूर्ण न ठेवता साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवले, तर ही पाळी पुष्कळ उशिरा येते. काचच फुटली तर मात्र दुरुस्तीची रक्कम नव्या संचाच्या आसपास जाते, आणि ती हमीतही बसत नाही. धडगावच्या घाटातून संच न्यावयाचा झाल्यास तो आडवा टाकू नये, उभाच बांधावा, हे त्याचसाठी.

‘स्मार्ट’ या बिरुदाला फार भुलू नये. एक जीबी स्मृतीचे संच दोन-तीन वर्षांत नव्या ॲपांच्या ओझ्याखाली मंदगती होतात. परंतु काच चांगली असेल तर मागे एचडीएमआय स्टिक खोचून तो संच पुन्हा कामाला लावता येतो. फोर-के चित्रपट जालावरून पाहण्यास तासाला सुमारे सात जीबी लागतात; मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा शिधा त्यात जेमतेम पाव तास पुरेल. ज्याच्या घरी फायबरची जोडणी आहे, खोली अंधारी करता येते व चित्रपटांची खरी आवड आहे, अशा शहाद्याच्या वा नंदुरबारच्या गृहस्थाने मधल्या पायरीवर न थांबता सरळ मिनी-एलईडीपर्यंत जावे. त्याचा पैसा सत्कारणी लागेल. बाकीच्यांनी 32 किंवा फार तर 43 इंची साधा संच घ्यावा.

या दोहोंपैकी 43 इंचीकडे वळणे आता थोडे सुकर झाले आहे. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी 32 इंचांपुढच्या संचावर जीएसटी 28 टक्के होता, आता सर्वांवर 18 टक्के आहे. म्हणजे वीस हजार मूळ किमतीचा संच 25,600 ऐवजी 23,600 ला पडतो. बिनव्याजी हप्त्यांविषयी मात्र सावध असावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच शून्य टक्के व्याज ही चीज अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. व्याज कोठे तरी असतेच, बहुधा रोखीच्या ग्राहकास मिळणाऱ्या सवलतीत दडलेले. रोख किंमत आधी विचारावी, मग हप्त्यांची बेरीज करावी.

राहता राहिले सुरतेचे आकर्षण. तेथे भाव दोन पैसे कमी लागतो हे खरे. तथापि घरी येऊन दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गावाच्या पिनकोडावर येतो की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि पडद्याची हमी व बाकीच्या भागांची हमी यांच्या मुदती निरनिराळ्या असतात त्या पावतीवर लिहून घ्याव्यात. तंटा झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये तक्रारदार जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे फिर्याद करता येते. सुरतेच्या वा ऑनलाइन विक्रेत्याविरुद्धची तक्रारही नंदुरबारातच चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.