तिशी उलटलेल्या खेळाडूचें मोल

फुटबॉलच्या खेळांत तीस हें वय मोठें चमत्कारिक आहे. वकील, वैद्य किंवा गवई यांची कीर्ति ज्या वयांत नुकती कोठें पसरूं लागते, त्याच वयांत फुटबॉल खेळणाऱ्याच्या निवृत्तीची कुजबूज सुरू होते. अशा वेळीं क्लबाच्या चालकांपुढें एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याच्या बळावर चषक मिळाले, त्याला पुढेंहि ठेवून घ्यावयाचें, कीं मानानें निरोप द्यावयाचा? मन एक सांगतें आणि वहीखातें दुसरेंच सांगतें. या दोहोंचा मेळ घालणें किती कठीण आहे, हें समजण्यास इटलींतील एक उदाहरण फार उपयोगी पडतें. तें म्हणजे मिलान शहरांतील ए. सी. मिलान या क्लबानें २०११ सालीं आंद्रेआ पिर्लो या खेळाडूला दिलेला निरोप.

पिर्लोचा जन्म १९ मे १९७९ रोजीं ब्रेशिया शहराजवळील फ्लेरो या गांवीं झाला. तो मधल्या फळींतील खेळाडू. फुटबॉलच्या संघांत पुढची फळी गोल करण्यासाठीं असते, मागची फळी गोल वांचविण्यासाठीं असते आणि या दोहोंस जोडण्याचें काम मधली फळी करते. बहुतेक संघांत या फळींतील माणसें सर्वांत अधिक धांवतात. पिर्लोची रीत मात्र निराळी होती. तो बचावाच्या फळीच्या अगदीं पुढें उभा राही, चेंडू पायाशीं घेई आणि चाळीस-पन्नास पावलांवर असलेल्या साथीदाराला नेमका पोहोंचवी. या कामाला इटालियन भाषेंत ‘रेजिस्ता’ म्हणतात. नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या दिग्दर्शकासहि तेथें हाच शब्द आहे. नट रंगभूमीवर धांवपळ करतात. पण कोणी केव्हां कोठें यावें हें ठरविणारा निराळा असतो. पिर्लोचें काम तें होतें.

ही जागा त्याला योगायोगानें मिळाली. प्रथम तो आघाडीच्या फळीमागें खेळत असे. १९९८ सालीं मिलान शहरांतील दुसऱ्या बड्या क्लबानें, म्हणजे इंटरनें, त्याला घेतलें. पण तेथें त्याचा जम बसला नाहीं. २००१ च्या आरंभीं इंटरनें त्याला कांहीं महिन्यांपुरतें ब्रेशियाकडे परत धाडलें. तेथें त्याच्या नेहमींच्या जागेवर रोबेर्तो बाज्जो हा थोर खेळाडू होता. त्याला हलविणें शक्य नव्हतें. तेव्हां कार्लो मात्सोने या अनुभवी प्रशिक्षकानें पिर्लोला मागें आणलें. मागें आल्यावर सारें मैदान त्याच्या नजरेच्या टप्प्यांत आलें आणि जो मुलगा गर्दींत गुदमरत होता, तो मोकळा श्वास घेऊं लागला. त्याच वर्षीं इंटरनें त्याला ए. सी. मिलानकडे जाऊं दिलें. तेथें कार्लो आन्चेलोत्ती या प्रशिक्षकानें ही जागा त्याच्यासाठीं कायम केली.

पुढच्या दहा वर्षांत मिलाननें २००३ व २००७ सालीं युरोपचा सर्वश्रेष्ठ क्लब-चषक आणि २००४ व २०११ सालीं इटलीचें विजेतेपद मिळविलें. २००६ सालीं इटलीनें विश्वचषक जिंकला, त्यांतहि पिर्लोचा मोठा वांटा होता. उपांत्य सामन्यांत जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटापर्यंत एकहि गोल झाला नव्हता. पेनल्टी क्षेत्राच्या कडेला पिर्लोकडे चेंडू आला. सभोंवार प्रतिस्पर्धी असतां त्यानें घाई केली नाहीं; दोन पावलें आडवीं टाकलीं आणि ज्या दिशेला तो पाहत नव्हता त्या दिशेला असलेल्या फाबिओ ग्रोसोकडे चेंडू सारला. ग्रोसोनें गोल केला. येथें पिर्लोच्या पायांत वेग नव्हता, शरीरांत आडदांड ताकद नव्हती. होता तो केवळ योग्य क्षणाचा अचूक अंदाज. पुढील सर्व हकीगतीची किल्ली या एका प्रसंगांत आहे.

२०१० सालीं मास्सिमिलियानो आल्लेग्री हे मिलानचे नवे प्रशिक्षक झाले. बचावाच्या पुढच्या जागेवर त्यांना चेंडू हिसकावून घेणारा, अंगानें दणकट माणूस हवा होता. पिर्लोला त्यांनीं मधल्या फळींत डावीकडे नेलें. त्यांतच दुखापतींनीं त्याचा पिच्छा पुरविला. त्या हंगामांत तो साखळीचे अवघे १७ सामने खेळला. जानेवारी २०११ मध्यें मार्क व्हान बॉमेल हा डच खेळाडू संघांत आला आणि मधली जागा त्याच्याकडे गेली. मिलाननें विजेतेपद पटकावलें. हंगामाच्या अखेरीस पिर्लोचा करार संपत होता आणि त्याचें बत्तिसावें वर्ष पुरें होत होतें.

आतां क्लबाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. तिशी उलटलेल्या खेळाडूला एका वर्षापेक्षां अधिक मुदतीचा करार द्यावयाचा नाहीं, असें मिलानचें धोरण होतें. हें धोरण निष्ठुर वाटलें तरी निराधार नव्हतें. तिशीनंतर जोराच्या धांवेचा वेग उतरूं लागतो. दुखापत भरून येण्यास अधिक दिवस लागतात. आठवड्यांतून दोन सामने खेळणें जड जातें. दुसरें कारण पैशाचें. चोवीस वर्षांच्या खेळाडूवर क्लबानें खर्च केला, तर पुढें त्याला दुसऱ्या क्लबास देऊन मोठी रक्कम परत मिळण्याची आशा असते. बत्तीस वर्षांच्या खेळाडूवरचा खर्च बहुधा परत येत नाहीं. तो खेळेनासा झाला तरी कराराच्या अखेरपर्यंत पगार चालूच ठेवावा लागतो.

यांत कायद्याचाहि एक भाग आहे. पूर्वीं करार संपला तरी नव्या क्लबाकडून रक्कम घेतल्यावांचून जुना क्लब खेळाडूला सोडीत नसे. झां-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूनें याविरुद्ध दाद मागितली आणि १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपीय न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. तेव्हांपासून युरोपीय संघाच्या देशांत करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. या निकालानें खेळाडूची बेडी तुटली हें खरें. पण म्हाताऱ्या होत चाललेल्या खेळाडूच्या बाबतींत क्लबाचें कामहि सोपें झालें. त्याला काढून टाकण्याची जरूरीच उरली नाहीं. कराराची तारीख उलटूं दिली कीं झालें.

पिर्लोच्या बाबतींत तसेंच घडलें. मिलाननें एक वर्ष देऊं केलें. त्याला अधिक हवें होतें. भांडण झालें नाहीं, कोणी कोणास अपशब्द बोललें नाहीं. दहा वर्षांच्या सेवेनंतर क्लबाचे कारभारी आद्रियानो गाल्लियानी यांनीं त्याला निरोपाची भेट म्हणून एक उंची लेखणी दिली. तिची आठवण पिर्लोनें २०१३ सालच्या आपल्या आत्मकथनाच्या आरंभींच दिली आहे. नोकरींतून निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ, शाल व नारळ देण्याची आपल्याकडील चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या लेखणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तुरीन शहरच्या युव्हेंतुस क्लबानें त्याला तीन वर्षांचा करार दिला. करार संपलेला असल्यामुळें मिलानला एक दमडीहि द्यावी लागली नाहीं. युव्हेंतुस तेव्हां पडत्या काळांत होता. लागोपाठ दोन हंगाम तो साखळींत सातव्या क्रमांकावर राहिला होता. सप्टेंबर २०११ मध्यें त्याच्या नव्या मैदानावर साखळीचा पहिला सामना पार्माविरुद्ध झाला आणि त्यांतील पहिला गोल पिर्लोच्या एका लांब, तरल पासवरून झाला. त्या हंगामांतील ३८ पैकीं ३७ सामन्यांत तो खेळला. युव्हेंतुस एकहि साखळी सामना हरला नाहीं. ८४ गुण मिळवून त्यानें विजेतेपद घेतलें. दुसरा क्रमांक ८० गुणांसह मिलानचा होता. येथून युव्हेंतुसनें लागोपाठ नऊ वेळां विजेतेपद मिळविलें, त्यांतील पहिल्या चार वेळीं पिर्लो संघांत होता. मिलानला पुढचें विजेतेपद मिळण्यास २०२२ साल उजाडावें लागलें.

एवढ्यावरून मिलानचे चालक मूर्ख होते आणि युव्हेंतुसचे शहाणे होते, असा निकाल देणें सोपें आहे. परंतु तो पुरता खरा नाहीं. युव्हेंतुसचें यश एकट्या पिर्लोचें नव्हतें. अन्तोनिओ कॉन्ते हे करड्या शिस्तीचे प्रशिक्षक त्याच वर्षीं आले. बुफॉनसारखा गोलरक्षक आणि त्याच्यापुढील बळकट बचाव यांच्यामुळें साऱ्या हंगामांत त्या संघावर केवळ २० गोल झाले. मिलानच्या पडतीचींहि कारणें अनेक होतीं. २०१२ च्या उन्हाळ्यांत नेस्ता, गात्तुझो, इन्झागी, सेडॉर्फ असे जुने खेळाडू एकाच वेळीं बाहेर पडले आणि इब्राहिमोव्हिच व थियागो सिल्वा या दोघां बिनीच्या खेळाडूंना पॅरिसच्या क्लबाकडे जाऊं देण्यांत आलें. सारा वाडा ढांसळला, त्याचा दोष एका खांबावर घालणें बरोबर नाहीं.

तरीहि मिलानची एक चूक झाली, आणि ती नीट तपासून पाहण्याजोगी आहे. चूक वय मोजण्यांत नव्हती. कोणत्या कामासाठीं वय मोजावयाचें, हें ठरविण्यांत होती. तिशीचा नियम धांवणाऱ्या पायांकडे पाहून केलेला होता आणि पिर्लोचें काम मुख्यतः डोळ्यांचें व डोक्याचें होतें. पळणाऱ्याची धांव तिशीनंतर उतरते, पण चेंडू येण्यापूर्वींच चारी बाजू पाहून ठेवण्याची संवय अनुभवानें पिकत जाते. शिवाय त्याची शेवटची परीक्षा झाली ती त्याची नसलेली जागा देऊन आणि दुखापतींच्या वर्षांत. त्या अपयशाचें खापर वयावर फोडलें गेलें. गंमत अशी, कीं त्याच्या जागीं आलेला व्हान बॉमेल हा वयानें त्याच्यापेक्षां दोन वर्षांनीं मोठा होता! यावरून दिसतें कीं मिलानला खरोखरी तरुण माणूस नव्हे, तर निराळ्या प्रकारचा माणूस हवा होता. तसें असणें हा प्रशिक्षकाचा हक्कच आहे. पण मग कारण वयाचें नव्हे, पसंतीचें आहे, हें ओळखावयास हवें होतें.

युव्हेंतुसचें शहाणपण दिसतें तें निराळ्या ठिकाणीं. पिर्लो धांवणार नाहीं हें गृहीत धरून त्यांनीं त्याच्या दोन्ही बाजूंस आर्तुरो विदाल आणि क्लाउदिओ मार्किझियो हे अथक धांवणारे गडी दिले. ते चेंडू हिसकावून आणीत आणि पिर्लो तो मार्गी लावी. अनुभवी माणसाचा उपयोग करून घ्यावयाचा, तर त्याच्याकडून तरुणाचें काम मागूं नये आणि तरुणांना त्याच्या आधारास द्यावें. मात्र याची किंमत मोजावी लागते. एकासाठीं दोघांना अधिक श्रम करावे लागतात, आणि संघाची सारी रचना एका माणसाभोंवतीं बांधावी लागते. ज्या क्लबाची तशी तयारी नसेल, त्यानें वृद्ध खेळाडू ठेवून घेणें त्या खेळाडूवरहि उपकार नव्हेत.

पुढची हकीगत थोडक्यांत अशी. २०१२ च्या युरोपीय स्पर्धेंत इंग्लंडविरुद्ध पेनल्टींच्या फेरींत इटली मागें पडली असतां तेहतीस वर्षांच्या पिर्लोनें इंग्लिश गोलरक्षकाला एका बाजूस झेंपावूं दिलें आणि चेंडू अलगद मधोमध टाकला. सामना इटलीनें जिंकला. २०१४ सालीं युव्हेंतुसला नवे प्रशिक्षक मिळाले ते खुद्द आल्लेग्री. ज्यानें एकदां जागा काढून घेतली, त्याच्याच हाताखालीं पिर्लो पुन्हां खेळला. कोणींहि जुना हिशेब उकरला नाहीं. त्या हंगामांत साखळी आणि इटालियन चषक दोन्ही मिळाले. ६ जून २०१५ रोजीं युरोपचा अंतिम सामना युव्हेंतुस बार्सेलोनाकडून ३-१ असा हरला. मैदान होतें बर्लिनचें, जेथें नऊ वर्षांपूर्वीं पिर्लोनें विश्वचषक जिंकला होता. त्यानंतर तो अमेरिकेंतील न्यूयॉर्क सिटी क्लबाकडे गेला आणि २०१७ सालीं त्यानें खेळणें थांबविलें. न्यूयॉर्कमध्यें त्याची पूर्वींची जादू फारशी दिसली नाहीं. तेव्हां वयाचा नियम खोटा नव्हता; तो त्याच्यापर्यंत कांहीं वर्षें उशिरां पोहोंचला, इतकेंच.

कचेरी असो, शाळा असो वा क्रीडासंघ असो, निवृत्तीचें वय ठरवून देणारा नियम एका अर्थानें दयाळू असतो. तो सर्वांना सारखा लागतो. कोणा एकाला ‘तुझें तेज ओसरलें’ असें तोंडावर सांगण्याचा प्रसंग टळतो. परंतु नियमानें प्रसंग टळला, तरी परीक्षेची जबाबदारी टळत नाहीं. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही वृत्ति निंद्य खरीच. पण गरज खरोखर सरली आहे कीं नाहीं, हें न पाहतांच वैद्याला दारापर्यंत पोहोंचविणें हें अधिक नुकसानीचें, कारण त्यांत अपमान वैद्याचा होतो आणि रोग घरांत राहतो. माणसाचें वय त्याच्या जन्मपत्रिकेवरून कोणालाहि काढतां येतें. त्याच्या कामाचें वय काढावयाचें, तर तें काम जवळून पाहावें लागतें, आणि तें पाहण्याचे कष्ट घेणें हेंच चालकाचें खरें काम होय.