तक्रारी ऐकून बदलली ‘हंटर’. नवशिक्या चालकांसाठी तिचा अर्थ काय?

नवी दिल्ली : मोटारसायकल पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या मनात प्रश्न साधे असतात. सिग्नलला थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील का? तासभराच्या वाहतूक कोंडीत डाव्या हाताची बोटे दुखणार नाहीत ना? गतिरोधकावरून जाताना पाठीला हिसका बसेल का? रॉयल एन्फिल्डच्या ‘हंटर ३५०’ या मोटारसायकलबाबत चालकांमध्ये तीन वर्षे जी चर्चा झाली, ती बहुतांशी याच प्रश्नांभोवती फिरत राहिली. कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये या गाडीची सुधारित आवृत्ती आणली, तेव्हा त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे मिळाली. काही मात्र तशीच राहिली.

चालकांचे अनुभव आणि वाहनविषयक परीक्षणे एकत्र वाचली, तर एकूण सूर समाधानाचा दिसतो. मात्र ही गाडी कोणासाठी सोयीची आहे आणि कोणी थोडे थांबून विचार करावा, हे समजण्यासाठी बदलांमागची यांत्रिक बाजू पाहणे आवश्यक आहे.

लहान बांध्याची गाडी

चेन्नईत मुख्यालय असलेल्या रॉयल एन्फिल्डची ओळख दीर्घकाळ जड, भारदस्त मोटारसायकलींशी जोडलेली होती. ‘बुलेट’ आणि ‘क्लासिक’ यांचा चाहता वर्ग मोठा असला, तरी वजनामुळे अनेक नवे चालक त्यांच्यापासून दूर राहत. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेली ‘हंटर’ हा या वर्गापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न होता. ‘मिटिअर’ आणि ‘क्लासिक’मध्ये वापरलेले ३४९ सीसी क्षमतेचे एक सिलिंडरचे इंजिनच तिला देण्यात आले, मात्र सांगाडा आटोपशीर ठेवला गेला. दोन चाकांमधील अंतर १,३७० मिलिमीटर, दोन्ही चाके १७ इंची आणि वजन १८१ किलो. ‘क्लासिक ३५०’चे वजन १९५ किलोच्या आसपास आहे. म्हणजे इंजिन तेच ठेवून सुमारे १४ किलो भार कमी झाला.

इंजिनाची ताकद २०.२ अश्वशक्ती आणि टॉर्क २७ न्यूटन मीटर आहे. आकड्यांच्या शर्यतीत ही ताकद मोठी नाही. परंतु सिलिंडरच्या व्यासापेक्षा पिस्टनच्या हालचालीचे अंतर जास्त असल्याने इंजिन कमी फेऱ्यांवरच पुरेसा जोर देते. नवख्या चालकाला याचा थेट उपयोग होतो. क्लच थोडा लवकर सुटला तरी गाडी सहसा बंद पडत नाही आणि संथ वाहतुकीत वारंवार गिअर बदलावा लागत नाही. पहिल्या सहा महिन्यांत एक लाख आणि साधारण वर्षभरात दोन लाख गाड्या विकल्या गेल्या, त्यामागे या गुणाचा वाटा होता.

तक्रारी कशाच्या होत्या?

विक्री वाढली तशा तक्रारीही स्पष्ट होत गेल्या. सर्वाधिक रोष मागच्या सस्पेन्शनवर होता. खड्ड्यातून किंवा उंच गतिरोधकावरून जाताना मागील चाकाचा धक्का जसाच्या तसा कंबरेपर्यंत पोहोचतो, असे अनेक चालकांचे म्हणणे होते. एकट्याने प्रवास करणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवे.

दुसरी तक्रार क्लचची होती. मुंबई, पुणे, बंगळुरू किंवा दिल्लीच्या कोंडीत क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. लिव्हर जड असेल तर घरी पोहोचेपर्यंत मनगट आणि बोटे दुखू लागतात. लहान हातांच्या चालकांना तो विशेष खुपत होता. तिसरी तक्रार जमिनीपासूनच्या उंचीची होती. मागे सहप्रवासी असताना मोठ्या गतिरोधकांवर गाडीचा खालचा भाग घासला जाई. हॅलोजन दिव्याचा उजेड अपुरा असल्याचे रात्रीच्या प्रवासात जाणवे. आसनाचा फोम लांबच्या अंतरासाठी थकवणारा आहे, असेही सांगितले जाई.

नेमके काय बदलले?

सुधारित आवृत्ती २६ एप्रिल २०२५ रोजी दिल्ली आणि मुंबईतील कार्यक्रमांत सादर झाली. इंजिनाची ताकद तीच राहिली. बदल झाले ते चालवण्याच्या सोयीत.

सर्वांत महत्त्वाचा बदल ‘स्लिप-असिस्ट’ क्लचचा. त्याची दोन कामे आहेत. इंजिन चाकाला ओढत असते तेव्हा क्लचच्या आतील तिरक्या खाचा त्याच्या चकत्या एकमेकींवर अधिक घट्ट दाबतात. त्यामुळे मुळातील स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि हाताला लिव्हर हलका लागतो. दुसरे काम सुरक्षिततेशी निगडित आहे. नवखा चालक घाईत एकदम खालचा गिअर टाकतो, तेव्हा उलट मागचे चाकच इंजिनाला फिरवू पाहते आणि क्षणभर अडखळते किंवा घसरते. अशा वेळी त्याच खाचा चकत्यांवरील दाब किंचित सैल करतात आणि धक्का शोषला जातो. सरावलेल्या चालकाला ही मदत क्वचितच लागते. शिकणाऱ्याला मात्र ती रोज उपयोगी पडते.

दुसरा बदल मागच्या सस्पेन्शनचा. पूर्वीची स्प्रिंग सर्वत्र सारख्या ताठपणाची होती. नव्या स्प्रिंगचा ताठपणा दाबाबरोबर वाढत जातो. लहान खड्ड्यावर तिचा मऊ भाग काम करतो. मोठा धक्का बसला किंवा मागे कोणी बसले की ताठ भाग भार पेलतो. सायलेन्सरच्या नळीची मांडणी बदलल्याने जमिनीपासूनची उंचीही १० मिलिमीटरने वाढली. मधल्या आणि वरच्या प्रकारांत एलईडी दिवा आला, तसेच दिशा दाखवणारा ‘ट्रिपर’ हा छोटा पडदा मूळ किमतीतच समाविष्ट झाला. आसनाचा फोम सुधारला गेला आणि मोबाइलच्या जलद चार्जिंगसाठी टाइप-सी जोडणी देण्यात आली.

चालकांचा कौल

या सर्व बदलांत क्लचचे स्वागत जवळपास एकमताने झाले. जुनी आणि नवी अशा दोन्ही गाड्या चालवलेल्यांना पहिल्या काही मिनिटांतच फरक जाणवतो, असा अनुभव सांगितला जातो. स्कूटरवरून मोटारसायकलकडे वळणाऱ्यांसाठी ही बाब निर्णायक ठरते. कारण त्यांच्या डाव्या हाताला क्लचची सवयच नसते.

सस्पेन्शनबाबत मते थोडी विभागलेली आहेत. पूर्वीचा हिसका कमी झाला, हे बहुतेकांना मान्य आहे. तरीही ही गाडी ‘क्लासिक’सारखी मऊ चालत नाही, असे काहींचे मत आहे. त्याचे कारण रचनेतच आहे. मागच्या चाकाला वर-खाली होण्यासाठी सुमारे १०० मिलिमीटरच जागा आहे. स्प्रिंग कितीही चांगली असली, तरी त्या मर्यादेपलीकडचा धक्का ती शोषू शकत नाही. शिवाय आखूड सांगाड्यामुळे वळणांवर मिळणारा चपळपणा हवा असेल, तर थोडा ताठपणा स्वीकारावाच लागतो. दाट वस्तीत रोजचा प्रवास करणाऱ्याला हा सौदा पटतो. खराब ग्रामीण रस्त्यावर दररोज लांबचे अंतर कापणाऱ्याला तो पटेलच असे नाही.

महामार्गाबाबतही अशीच विभागणी दिसते. ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगापर्यंत गाडी निवांत धावते. त्यापुढे इंजिनावर ताण जाणवतो आणि ओव्हरटेक करताना आधीच अंदाज बांधावा लागतो. वेगाची आवड असलेल्यांना ही त्रुटी वाटते. नव्या चालकांच्या पालकांना मात्र तोच गुण वाटतो.

वजनाचा प्रश्न कायम

नव्या आवृत्तीतही वजन १८१ किलोच आहे. बदलांच्या उत्साहात ही बाब मागे पडू नये. आसनाची ७९० मिलिमीटर उंची मध्यम चणीच्या बहुतेक चालकांना पेलवते. परंतु पाय टेकणे आणि गाडी सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढावर थांबलेली, उतारावर उभी केलेली किंवा अरुंद वाहनतळातून मागे ओढावी लागणारी गाडी वजनाची खरी परीक्षा घेते. सुमारे १६० किलो वजनाची टीव्हीएस ‘रोनिन’ याच कारणाने काहींना अधिक सोयीची वाटते. नेहमीच्या ११० सीसी स्कूटरचे वजन तर १०५ ते ११० किलोंच्या घरात असते. तिच्यावरून थेट १८१ किलोंवर येणाऱ्याने हा फरक गृहीत धरलाच पाहिजे.

सर्वांत स्वस्त प्रकाराबाबतही सावधगिरी हवी. त्यात मागे ड्रम ब्रेक आहे आणि एबीएस प्रणाली केवळ पुढच्या चाकापुरती आहे. १२५ सीसीवरील दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. मात्र एका चाकावरील प्रणालीनेही नियमाची पूर्तता होते. घाबरून मागचा ब्रेक जोरात दाबणे ही नवशिक्यांची सर्वसाधारण चूक. अशा वेळी दोन्ही चाकांना संरक्षण देणारा वरचा प्रकार अधिक योग्य ठरतो.

किमतीचे गणित

सुधारित आवृत्ती आली तेव्हा शोरूममधील प्रारंभिक किंमत १ लाख ४९ हजार ९०० रुपये होती. २०२२ मध्येही ती तेवढीच होती. सर्वांत वरच्या प्रकाराची किंमत १ लाख ८१ हजार ७५० रुपये ठेवण्यात आली. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि प्रारंभिक किंमत १ लाख ४० हजारांच्या खाली उतरली. ३५० सीसीवरील दुचाकींना मात्र ४० टक्के कर लागू झाला. ‘हंटर’चे इंजिन ३४९ सीसीचे असल्याने ती या सीमारेषेच्या अलीकडे राहिली. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी ‘ट्रायम्फ स्पीड ४००’ सुमारे ३९८ सीसीची असल्याने पलीकडे गेली. नव्या खरेदीदाराच्या निवडीवर या रेषेचा परिणाम होणे स्वाभाविक आहे. नोंदणी, विमा आणि हेल्मेटचा खर्च धरूनच अंदाजपत्रक आखावे.

परवाना आणि जबाबदारी

युरोपात नव्या चालकाला ताकदीनुसार टप्प्याटप्प्याने परवाना मिळतो. तेथील पहिल्या टप्प्यात १२५ सीसी आणि ११ किलोवॉटची, तर दुसऱ्यात ३५ किलोवॉटची मर्यादा असते. सुमारे १५ किलोवॉटची ‘हंटर’ तेथे दुसऱ्या टप्प्यात मोडेल. भारतात अशी पायरी नाही. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला, की ती कितीही ताकदीची मोटारसायकल चालवू शकते. म्हणून पहिली गाडी कोणती असावी, याचा विवेक येथे पूर्णपणे खरेदीदारावर येतो.

आणखी एक मुद्दा अनेकांच्या लक्षातून सुटतो. स्कूटरसाठी काढलेला परवाना गिअरविरहित दुचाकीपुरता असेल, तर त्यावर मोटारसायकल चालवणे नियमबाह्य ठरते. परवान्यावरील वर्ग तपासून, आवश्यक असल्यास शिकाऊ परवाना घेऊन नवी चाचणी द्यावी लागते. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही हीच बाब आडवी येऊ शकते.

रस्त्यावरील वास्तव या काळजीचे कारण स्पष्ट करते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४ हजार ८९७, म्हणजे सुमारे ४४ टक्के, दुचाकीस्वार होते. हेल्मेट न घातल्याच्या नोंदीखाली ५० हजार २९ मृत्यू आढळले आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले प्रवासी होते. हलका क्लच आणि सुधारित सस्पेन्शन गाडी शिकणे सोपे करतात. बीआयएस प्रमाणित हेल्मेटची जागा ते घेऊ शकत नाहीत.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर गाडीवर बसून घेतलेला निर्णय फसवा ठरू शकतो. नेहमी वापरायचे बूट घालून बसावे आणि दोन्ही टाचा किती टेकतात ते पाहावे. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकलावी. परवाना असल्यास चाचणी फेरीत किमान एक मोठा गतिरोधक, एक चढ आणि थोडी गर्दी येईल असा रस्ता निवडावा. घरातील व्यक्ती नेहमी मागे बसणार असेल, तर तिला सोबत न्यावे. कारण मागच्या सस्पेन्शनचा खरा निकाल तेव्हाच लागतो. स्प्रिंगचा ताण सहा पायऱ्यांत बदलता येतो, त्यामुळे गाडी ताब्यात घेताना आपल्या वजनानुसार तो लावून घेणे हिताचे.

जुनी ‘हंटर’ स्वस्तात मिळत असेल, तर मागची स्प्रिंग आणि क्लच यांतील फरक लक्षात घेऊनच व्यवहार करावा. शहरातील रोजच्या वापरासाठी पहिलीच मोटारसायकल घेणाऱ्याला नवी आवृत्ती जुन्यापेक्षा निश्चितच सोपी आहे. ती आपल्याला पेलवते की नाही, हे मात्र शेवटी चढावर थांबून, दोन्ही पाय टेकवून स्वतःच ठरवावे लागते.