टायर बदलण्यापूर्वी

टेमघरहून राजनोली नाक्याकडे जाताना खड्ड्यांचा पहिला मार चाकांनाच बसतो.

• माप : १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची.

• वय : बाजूवरचे '२३२४' म्हणजे २०२४चा २३वा आठवडा.

• झीज : खाचांची खोली १.६ मिमीवर आली की टायर बदलाच.

• थरथर : वेगात स्टिअरिंग थरथरले, तर बॅलन्सिंग तपासा, रिम वाकली आहे का, तेही पाहा.

• ओढ : गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर आधी हवा, मग अलाइनमेंट.

• फुगवटा : बाजूला फुगा आला, तर टायर बाद, पंक्चर काढून भागत नाही.

• जोडी : दोनच नवे घेतले, तर मागे बसवा.