डावा हात कुठे गेला?
भात्याच्या वाद्यांचा जगभरचा आढावा

बऱ्हाणपुरात पेटी तीन वेगवेगळ्या दरबारांत वाजते. एकादशीच्या भजनात ती टाळ-पखवाजाच्या जोडीला असते. उरुसात ती कव्वालाच्या पुढ्यात असते. आणि 1708 साली नांदेडकडे निघालेल्या गुरू गोविंदसिंगांच्या मुक्कामाची आठवण जपणाऱ्या बडी संगत गुरुद्वारात ती शबद-कीर्तनाला असते. वारकरी, कव्वाल आणि रागी यांचे सूर वेगळे, भाषा वेगळ्या, श्रोते वेगळे. खोके मात्र एकच. या शहराचे गाणे पेटीच्या पुष्कळ आधीचे आहे. शेख बहाउद्दीन बाजन पंधराव्या शतकात इथे राहून गाण्यासाठी जिकरी नावाची भक्तिगीते रचत होते. त्यापुढे पेटीचे वय जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचे. तरीही आज तिच्यावाचून यांतल्या एकाही दरबाराचे चालत नाही.

पेटीची भावंडे जगभर पसरली आहेत. त्यांतले सर्वांत भटके आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे बटणांचा अकॉर्डियन. आयर्लंडच्या खेड्यात, लुइझियानाच्या दलदलीत, कोलंबियाच्या गुरांच्या कुरणांत आणि लेसोथोच्या डोंगरांत तो लोकसंगीताचा कणा झाला. हे सारे कुटुंब एकदम पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. वाद्य सगळीकडे कारखान्यातून तयार होऊन आले, आणि प्रत्येक मुलखाने त्यातले काय टाकायचे, काय ठेवायचे ते आपल्यापुरते ठरवले. काय टाकले, काय ठेवले, यावरून त्या मुलखाचे संगीत ओळखता येते.

पितळेची जीभ

या सगळ्या वाद्यांचा जीव एका पातळ धातूच्या पट्टीत असतो. पट्टीचे एक टोक पक्के बसवलेले, दुसरे मोकळे. खाली तिच्याच मापाची खाच. हवा आली की पट्टी त्या खाचेतून आरपार थरथरते आणि सूर निघतो. सूर किती उंच, हे पट्टीची लांबी आणि जाडी ठरवते. बासरीसारखी नळी लागत नाही. म्हणून हे वाद्य लहान खोक्यात मावते, उन्हापावसात तंतुवाद्यासारखे क्षणोक्षणी उतरत नाही आणि स्वस्तातही बनवता येते.

कल्पना आशियातली. चीनचे शेंग आणि लाओसचे खेन ही बांबूच्या नळ्यांची तोंडाने वाजवायची वाद्ये याच तत्त्वावर चालतात. अठराव्या शतकात युरोपच्या विद्वानांनी ती पाहिली. 1780 च्या सुमारास क्रात्झेनश्टाइन या शास्त्रज्ञाने अशाच पट्ट्या वापरून मानवी स्वर काढणारे यंत्र केले. पुढे 1829 साली व्हिएन्नातील ऑर्गन बनवणारा सिरिल डेमियान याने एका छोट्या खोक्याचे पेटंट घेतले. बोटांनी दाबायच्या पाच पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला दोन स्वरसंघ: भाता उघडताना एक, मिटताना दुसरा. याच स्वरसंघांवरून, म्हणजे ‘अकॉर्ड’वरून, त्याने खोक्याचे नाव अकॉर्डियन ठेवले. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पायाने भाता मारायचे हार्मोनियम तयार केले. एकाच पितळी जिभेच्या या दोन शाखा. एक खांद्याला अडकली, दुसरी जमिनीवर उभी राहिली.

बटणे आणि नाच

बटणांच्या जुन्या अकॉर्डियनची गंमत त्याच्या भात्यात आहे. माउथ ऑर्गन वाजवलेल्या कुणालाही ती लगेच कळेल. एकच बटण भाता दाबताना एक सूर देते आणि ओढताना दुसरा. ढोबळमानाने दाबताना सा, ग, प मिळतात आणि ओढताना रे, म, ध, नी. एका रांगेत दहा बटणे, म्हणजे ठरलेल्या एकाच थाटाचे सूर. कोमल-तीव्र मागू नका, मिळणार नाहीत.

ही अडचण वाटते खरी. पण सरळ आरोह वाजवायचा तर भात्याची दिशा सतत बदलावी लागते, आणि दर बदलाला सुरावर झटका बसतो. तो झटका म्हणजेच ठेका. वादकाला वेगळा ताल धरावा लागत नाही, त्याचा खांदाच ताल धरतो. म्हणून या वाद्याभोवती जे संगीत जमले ते जवळजवळ सगळे नाचाचे: पोल्का, वॉल्ट्झ, रील, जिग. लग्नात पाच-सहा वादकांचा ताफा बोलावण्याऐवजी एक माणूस पुरू लागला, हाही हिशेब होताच. इटलीत कास्तेलफिदार्दोला पाओलो सोप्रानीने 1860 च्या दशकात अकॉर्डियन बनवायला सुरुवात केली. रशियात तुला शहर गार्मोनसाठी प्रसिद्ध झाले. जर्मनीच्या ट्रॉसिंगेन गावात 1857 पासून माउथ ऑर्गन बनवणाऱ्या होनर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अकॉर्डियनही बनवायला घेतले. ही स्वस्त खोकी स्थलांतरितांच्या ट्रंकांतून आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जगभर गेली.

आयर्लंडमध्ये त्यातला एक डोकेबाज बदल रुजला. अर्ध्या सुराचे अंतर असलेल्या दोन रांगा शेजारी आल्या. आता बारा सूर हाताशी आले आणि भाता थोडा शांत ठेवून बोटांनी मुरकी घेता येऊ लागली. टिपररीचे पॅडी ओब्रायन आणि गॉलवेचे जो बर्क यांनी ही शैली 1950 नंतर रूढ केली. जो कूलीसारखे वादक मात्र जुन्या दाब-ओढीच्या शैलीलाच धरून राहिले. आयर्लंडच्या रसिकांत या दोन बाजूंवर आजही वाद होतो: एकीला नक्षी हवी, दुसरीला ठेका. आपल्या घराण्यांच्या वादांवर पोसलेल्या कानांना हा झगडा परका वाटू नये.

काय टाकले, काय ठेवले

अकॉर्डियनच्या उजव्या बाजूला चाल वाजते, डाव्या बाजूला खर्ज आणि स्वरसंघांची बटणे असतात. टेक्सास-मेक्सिको सीमेवर ही डावी बाजूच अडगळीत गेली. नार्सिसो मार्तिनेसने 1936 मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिका केल्या, तेव्हा साथीला सांतियागो आल्मेइदा बारा तारांचे बाहो सेक्स्तो वाजवत होता. खर्ज आणि ठेका तो सांभाळतो आहे हे पाहून मार्तिनेसने डावा हात जवळजवळ थांबवला आणि सारे लक्ष उजव्या हाताच्या चपळ, तुटक सुरांवर लावले. त्यातून कोनहुंतो नावाची शैली उभी राहिली.

लुइझियानाच्या केजन आणि क्रिओल लोकांनी उलटे केले. एकाच रांगेचा, दहा बटणांचा जर्मन अकॉर्डियन त्यांनी जसाच्या तसा ठेवला आणि आपली गाणी त्याच्या मापाने घडवली. कृष्णवर्णीय क्रिओल वादक आमेदे आर्दुआँने गोऱ्या फिडलवादक डेनिस मॅगीबरोबर 1929 मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिका हा त्या संगीताचा पाया मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल येईनासा झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी घरच्या घरी वाद्ये बनवायला घेतली. लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउनने सुरुवात केली, युनिसच्या मार्क सव्वाने ती कला पुढे नेली. आयात तुटली आणि वाद्य स्थानिक झाले.

कोलंबियाच्या किनारी भागात तीन रांगांचा होनर अकॉर्डियन, काहा हा छोटा ढोल आणि गुआचाराका हे खरवडून वाजवायचे वाद्य यांतून वाजेनातो जन्मले. त्याचे पासेओ, मेरेंगे, सोन आणि पुया असे चार प्रकार. 1968 मध्ये वाजेदुपार शहरात महोत्सव सुरू झाला आणि आलेहो दुरान पहिला ‘राजा’ ठरला. 2015 मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद तातडीने जतन करायच्या यादीत केली. ब्राझीलच्या ईशान्येला लुइझ गोंझागाने पियानो अकॉर्डियनवर देशभर नाव मिळवले, पण त्याचे वडील जानुआरिओ आठ खर्जांच्या साध्या बटण-वाद्याचे वादक होते. लेसोथोत खाणकामगारांच्या गुत्त्यांमधून फामो हे संगीत आले. मादागास्करमध्ये पूर्वजांचे आत्मे अंगात आणण्याच्या त्रोम्बा विधीतही अकॉर्डियन वाजतो. अर्जेंटिनात बांदोनेऑनने टँगोला आवाज दिला. त्यातही बहुतेक बटणांवर दाबताना आणि ओढताना सूर बदलतात. आस्तोर पियाझोलाने त्या गुंत्यावर आयुष्य काढले.

जमिनीवर बसलेली पेटी

आता आपल्याकडे या. इंग्रज आणि मिशनरी यांच्याबरोबर आलेली हार्मोनियमे खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायची होती. आपली मैफल मात्र जाजमावर बसलेली. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या दुकानाने 1880 च्या दशकात हाताने भाता मारायची पेटी बनवली आणि प्रश्न सुटला. पाय गेले, त्यांचे काम डाव्या हाताकडे आले. त्याबरोबर पाश्चात्त्य संगीताचा मोठा भाग, डाव्या हाताचे स्वरसंघ, आपोआप गळून पडला. आपल्याला तो नकोच होता. एक चाल, एक षड्ज, एक गळा, एवढीच आपली मागणी होती.

आणखी एक फरक महत्त्वाचा. पेटीच्या आत दुसरा भाता असतो, त्याखाली स्प्रिंग. बाहेरचा भाता हवा भरतो आणि आतला ती सारख्या दाबाने सोडतो. त्यामुळे भाता मारला काय किंवा सोडला काय, पट्टीचा सूर तोच राहतो आणि तुटत नाही. बटण-अकॉर्डियनमध्ये भाता ताल धरतो; पेटीत तो गायकाचा दम धरतो. एक वाद्य नाचासाठी घडले, दुसरे गळ्यासाठी. नर, मादी आणि खर्ज अशा सुरांच्या जोड्या आल्या, स्केल चेंजर आला, आणि गायक आपली पट्टी ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी पेटीच्या हिशेबाने सांगू लागले.

मराठी माणसाला पेटीचे वेड लावले ते नाटकाने. 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्याच परंपरेतले गोविंदराव टेंबे (1881–1955) पेटीवादक म्हणून गाजले. भास्करबुवा बखल्यांची साथ त्यांनी केली आणि 1911 मध्ये ‘मानापमान’च्या चाली बांधल्या. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन आला. त्याला पायाचा भाता, म्हणजे गेलेला डावा हात परत मोकळा झाला. तरी हरिभाऊ देशपांड्यांसारख्या ऑर्गनवादकांनी त्या हाताने बालगंधर्वांच्या गळ्याला भरीव आधारच दिला. पुढे पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर आणि बोरीचे तुळशीदास बोरकर यांनी साथ ही स्वतंत्र विद्या केली. बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. पु. ल. देशपांड्यांची पेटी ही तर मराठी घराघरांतली आठवण.

अकॉर्डियनही आपल्याकडे आला, पण बटणांचा नाही, पियानोच्या पट्ट्यांचा. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गुडी सिरवई आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी तो गाजवला. नाचाचा साधा बटण-अकॉर्डियन मात्र इथे रुजला नाही. ठेक्यासाठी आपल्याकडे ढोलकी, संबळ, पखवाज होतेच. हवा होता तो सूर.

श्रुतींचा खटला

पेटीवरचा आरोप जुना आहे. तिचे बारा सूर समान अंतरांवर बसवलेले असतात. त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा लागतो. सप्तक 1200 सेंटचे धरले तर हे अंतर लहान, पण तयार कानाला टोचणारे. मींड तर तिला येतच नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि इ. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींच्या पेटीचा प्रयोग केला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तो चर्चेला आला, पण पंडितांना पटला नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केले. संगीतकार जॉन फोल्ड्स यांची टीका आणि रवींद्रनाथांचा विरोध या निर्णयामागे होता. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असतानाही दार बंदच राहिले. ते 1971 मध्ये अंशतः उघडले. अलीकडे, 2022 मध्ये, अमृतसरच्या दरबार साहिबातून तीन वर्षांत हार्मोनियम हटवून तंतुवाद्ये आणावीत, अशी सूचना अकाल तख्तने केली. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून त्या जुन्या प्रश्नाला नवे उत्तर दिले आहे.

या खटल्यात पेटीला परदेशी म्हणून दोषी ठरवणे सोपे, पण चुकीचे. परदेशी तर वाजेनातोचा होनरही आहे, टँगोचा बांदोनेऑनही आहे. विचारायचे ते तिला कोणते काम दिले आहे, हे. विलंबित ख्यालात पेटी उणी पडते, म्हणून चांगला साथीदार गायकाच्या मागून जातो आणि मींडेची जागा रिकामी सोडतो. भजनी मंडळात मात्र हाच स्थिर सूर गुण ठरतो. वीस-पंचवीस तयार नसलेले गळे एका षड्जावर आणायचे तर न हलणारा सूर लागतो. मुक्ताईनगरपासून तापीच्या वरच्या अंगापर्यंतच्या वारकरी भजनाला तोच धरून ठेवतो. कव्वालीतही टाळ्यांच्या गजरातून वर येणारा असाच पक्का आवाज हवा असतो.

कानस आणि कारागीर

शेवटी सगळी मदार एका कानशीवर येते. सूर उतरला तर पट्टीचे टोक हलके घासून चढवायचा. चढला तर बुडाशी घासून उतरवायचा. हे काम लुइझियानाच्या युनिसमध्ये जसे, तसेच गुजरातेत पालिताण्यात, जिथले सूर, म्हणजे याच पितळी पट्ट्या, देशभरच्या पेट्यांत बसतात. बटण-अकॉर्डियनच्या साऱ्या कहाणीतून आपण एवढे तरी उचलावे: दुरुस्तीचा कारागीर असला की वाद्य टिकते, तो गेला की पेटी कोठीत जाते आणि तिच्या जागी की-बोर्ड येतो. आपल्या भागातील भजनी मंडळे, दर्ग्यांतले कव्वाल आणि गुरुद्वारातले रागी या तिघांना सूर लावणारा माणूस एकच लागतो. उत्सवांना आपण मंडप, ध्वनिक्षेपक आणि रोषणाईचा खर्च बिनतक्रार काढतो. त्यातला थोडा वाटा तालुक्यातल्या एका तरुणाला पालिताण्यात सूर भरण्याचे काम शिकवण्यासाठी काढला, तर श्रुतींच्या वादापेक्षा पेटीचे त्यात जास्त भले होईल.